फिल्डवर्कचं बसभाडं कोण भरणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बारावीच्या निकालानंतर तुमच्या पेपरची करिअर पुरवणी आली होती, ती आमच्या हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये अजून फिरतीये, वड्याच्या तेलाने पारदर्शक झालीये पण फिरतीये. इंजिनिअरिंगला दोन पानं, नर्सिंग-फार्मसीला एक पान, हॉटेल मॅनेजमेंटला फोटोसकट अर्धं, आणि शेवटच्या पानावर खाली कोपऱ्यात बीएसडब्ल्यू-एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या पदव्यांना, साडेतीन ओळी. मोजल्या मी. 'समाजसेवेची आवड असणाऱ्यांसाठी बिनखर्चिक पर्याय.' बास, संपलं.

मी सतरा वर्षं मेडिकल सोशल वर्कर म्हणून काम करतीये, मूळची जत तालुक्यातली, आता मिरजेत. दरवर्षी एमएसडब्ल्यूची तीन-चार पोरं फिल्डवर्कला माझ्याकडे असतात. तर या साडेतीन ओळींतले दोन शब्द मला टोचले, एक 'आवड' आणि दुसरा 'बिनखर्चिक'. पत्र लांबणार आहे हे आधीच सांगते, कापायचं असेल तर पहिला भाग कापा, बसभाड्याचा कापू नका.

आवडीबद्दल आधी. माझ्या सासूबाई पाहुण्यांना अजून सांगतात, सून दवाखान्यात सेवा करते. अहो मी पगार घेते, दर महिन्याला, उशिरा का होईना पण घेते. नेत्याच्या वाढदिवसाला वॉर्डात फळं वाटायला येतात ते 'थोर समाजसेवक', त्यांचे फ्लेक्स गेटवर, आणि शुगरच्या पेशंटला केळी देऊ नका हो म्हणून त्यांच्यामागे पळणारी बाई ती मी, माझं शिक्षण काय असं आजवर त्यातल्या एकानेही विचारलेलं नाही. लोकांना वाटतं मन चांगलं असलं की झालं, याला डिग्री कशाला लागते. आणि मग हमखास बाबा आमट्यांचं नाव निघतं, त्यांनी कुठं एमएसडब्ल्यू केलं होतं? नव्हतं केलं, बरोबर आहे, ते वकील होते. पण कुष्ठरोग्यांचं काम हातात घेतलं तेव्हा कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनला जाऊन त्या रोगाचं रीतसर शिक्षण घेऊन आले ते, हे कोणी सांगत नाही. गडचिरोलीचे बंग पती-पत्नी तर आधीच डॉक्टर, तरी 'सर्च' ही संस्था उभी करायच्या आधी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जाऊन सार्वजनिक आरोग्य शिकले. मेधाताई पाटकर टिसच्या, म्हणजे मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसच्या. म्हणजे ज्यांची नावं घेऊन शिक्षण नको म्हणता तीच माणसं शिकायला गेलेली आहेत, आणि आपण मात्र बारावीला कमी मार्क पडलेल्या पोराला सांगतो, बघ बाबा, समाजसेवेची आवड असेल तर ते एक आहे.

हा कोर्स काल-परवाचाही नाही. १९३६ साली मुंबईत नागपाड्याला सर दोराबजी टाटांच्या नावाने सोशल वर्क शिकवणारी देशातली पहिली संस्था निघाली, तीच आजची टिस. क्लिफर्ड मॅनशार्ट म्हणून एक अमेरिकन गृहस्थ नागपाड्यातल्या गिरणी-गोदीवाल्यांच्या वस्तीत काम करत होते, त्यांचा यात पुढाकार होता, आणि हे गृहस्थ भारतात आले होते ते 'अमेरिकन मराठी मिशन'तर्फे, मराठी पेपरला लिहितीये म्हणून मुद्दाम सांगते. पुढे १९४६ ला जेजे हॉस्पिटलमध्ये पहिली मेडिकल सोशल वर्कर नेमली गेली, ती माझी खापरपणजी समजा. पुण्यात कर्वे इन्स्टिट्यूट १९६३ ची. मुंबईच्या पोलिस आयुक्तालयात मारहाण झालेल्या बायकांसाठी जो स्पेशल सेल आहे तो टिसने १९८४ ला पोलिसांबरोबर सुरू केला, आणि लहान मुलांच्या मदतीचा १०९८ हा जो नंबर तुम्ही वर्षानुवर्षं पेपरच्या कोपऱ्यात छापताय तोही १९९६ ला तिथूनच प्रयोग म्हणून निघाला. हे सगळं आवडीतून झालं असेल, पण नुसत्या आवडीतून नाही झालं.

आणखी एक उदाहरण देते आणि मुद्द्यावर येते. २०२४ च्या मे महिन्यात पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या गाडीने दोघांना उडवलं, तेव्हा त्याला जामिनावर सोडताना लिहायला सांगितलेल्या ३०० शब्दांच्या निबंधावर अख्खा महाराष्ट्र बोलत होता, आमच्या कॅन्टीनमध्ये तर दोन आठवडे दुसरा विषय नव्हता. पण २०१५ च्या बाल न्याय कायद्यात लिहिलंय की मूल ताब्यात आलं की प्रोबेशन ऑफिसरने दोन आठवड्यांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा, त्या मुलाचं घर, शाळा, संगत, आईबाप, आधी काय झालं होतं, सगळं त्यात येतं आणि बाल न्याय मंडळापुढे जातं. तो अहवाल कोण लिहितं, त्याला ते कुठे शिकवतात, चांगला अहवाल कसा असतो, यावर मला एक ओळ वाचायला मिळाली नाही. तुमच्या पेपरातही नाही, राग मानू नका. असा अहवाल लिहायला आम्हाला दोन वर्षं शिकवतात आणि ते वर्गात बसून शिकता येत नाही, म्हणूनच फिल्डवर्क.

आता फिल्डवर्क म्हणजे काय ते सांगते, कारण पुरवणीत त्याचं नावसुद्धा नाही आणि खरी डिग्री तीच आहे. आठवड्यात चार दिवस वर्ग आणि दोन दिवस 'एजन्सी'. एजन्सी म्हणजे हॉस्पिटल, बालगृह, निरीक्षणगृह, कोर्टातलं समुपदेशन केंद्र, वृद्धाश्रम, ग्रामपंचायत, एखादी संस्था, फॅक्टरी, जिथं नेमणूक होईल तिथं. प्रत्येक दिवसाचं रेकॉर्डिंग लिहायचं, काय केलं, कोण काय बोललं, तुला काय वाटलं, का वाटलं. मग कॉलेजच्या सुपरवायझरबरोबर आयसी, म्हणजे एकट्याची बैठक, त्यात तुमच्या वहीची चिरफाड होते. मग जीसी, सगळ्यांच्या देखत. मधे ग्रामीण शिबीर, शेवटी ब्लॉक प्लेसमेंट, महिनाभर एकाच ठिकाणी पूर्णवेळ. पेपर राहिला तर परत देता येतो पण फिल्डवर्कचे तास भरले नाहीत तर वर्ष जातं, आमच्या वेळी हेच होतं आणि माझ्याकडे येणाऱ्या पोरांचं आजही हेच आहे.

माझं पहिलं फिल्डवर्क २००६ ला एका निरीक्षणगृहात होतं. मी जतमधून बीए करून आलेली, मला वाटत होतं मी लई समजूतदार. एक अकरा वर्षांचा पोरगा दिला होता, रेल्वे स्टेशनवर सापडलेला, तीन आठवडे एक शब्द बोलला नाही. मी रोज विचारायची नाव काय, गाव कुठलं, घरी कोण, आणि तो कॅरमच्या सोंगट्या एकावर एक रचत बसायचा. चौथ्या आठवड्यात मी रेकॉर्डिंगमध्ये लिहिलं, 'मुलगा सहकार्य करत नाही.' मॅडमनी लाल पेनने खाली लिहिलं, 'तो सहकार्य करत नाही की तू घाईत आहेस?' मला इतका राग आला होता, रात्रभर वही उघडली नाही. पुढच्या वेळी गेले आणि काहीच विचारलं नाही, कॅरम खेळले, हरले, मला खरंच येत नाही. जाताना तो म्हणाला, ताई, तुमी लई वाईट खेळता. हे त्याचं पहिलं वाक्य. गाव सांगायला अजून दीड महिना लागला, पण ते लाल पेनचं वाक्य मला आजही दर शुक्रवारी आठवतं, कारण मी आता दुसऱ्यांच्या वह्यांत तेच लिहित असते.

त्या निरीक्षणगृहापासून बसस्टँड चार किलोमीटर होतं. सिटीबसचे पैसे वाचवायला मी चालत जायचे आणि मैत्रिणींना सांगायचे मला चालायला आवडतं. बघा, 'आवड' इथं पण आलीच. दुपारचा डबा असायचा नसायचा, निरीक्षणगृहातल्या काकू कधी पोरांच्या पंगतीला बसवायच्या, आणि ते रेकॉर्डिंगमध्ये लिहायचं की नाही हा मला पडलेला पहिला एथिकल प्रश्न. हसू नका. लिहिलं नाही मी.

आता माझ्याकडे येणाऱ्या पोरांची गोष्ट. आमचं मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, सांगली-कोल्हापूर-सोलापूरचे पेशंट तर येतातच पण अथणी, विजापूर, रायबागकडून कानडी बोलणारे भरपूर. त्यांना डॉक्टरचं कळत नाही, डॉक्टरला त्यांचं कळत नाही, आणि योजनेचा प्रश्न आला की आणखी गुंता, कारण आपली मोफत उपचारांची महात्मा फुले योजना महाराष्ट्रातल्या लोकांसाठी, फक्त सीमाभागातल्या ८६५ गावांना २०२३ मध्ये शासनाने ती लागू केली, त्यावरून कर्नाटकाने आरडाओरडा केला तो तुम्ही पहिल्या पानावर छापला होता. पण वॉर्डात बसलेल्या माणसाचं गाव त्या ८६५ मधलं आहे का हे शोधायचं कुणी? आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा दवाखान्यातला माणूस, आणि त्याला पन्नास कामं असली की माझी स्टुडंट. मागच्या बॅचला एक मुलगी होती, आजोळ अथणीचं, कानडी फाडफाड, तिने दोन महिन्यांत जे केलं ते मला दोन वर्षांत जमलं नसतं. ट्रस्टच्या हॉस्पिटलला १० टक्के खाटा गरिबांना फुकट आणि १० टक्के सवलतीत द्याव्या लागतात हे सार्वजनिक न्यास कायद्यात आहे, कलम ४१ क क, वर्षाला १ लाख ८० हजारांच्या आत उत्पन्न असलं तर फुकट आणि ३ लाख ६० हजारांच्या आत असलं तर सवलत, पण हे पेशंटच्या नातेवाइकाला त्याच्या भाषेत, त्याला लाज न वाटता सांगणं वेगळं. 'तुम्ही गरीब आहात का' असं कुणाला विचारायचं नसतं, त्याचीही रीत असते आणि ती शिकावी लागते.

आणि आता तो मुलगा. नाव सांगत नाही. जतकडचाच, आईबाप ऊसतोडीला जाणारे, सहा महिने कारखान्यावर सहा महिने घरी, हा आजीजवळ वाढलेला. बोलायला कमी, इंग्लिश कच्चं, त्याच्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये शुद्धलेखनाच्या इतक्या चुका की मी मनात म्हटलं हा काय टिकतोय. एक दिवस कॅज्युअल्टीतून फोन आला, मॅडम या, एक पेशंट डामा मागतोय. डामा म्हणजे डॉक्टरचं न ऐकता स्वतःच्या जबाबदारीवर घरी जाणं. ऊसतोड कामगार, पन्नाशीचा, शुगर ४०० च्या वर, पायाचा अंगठा काळा पडलेला, आणि म्हणतोय सही देतो मला जाऊ द्या. रेसिडेंट डॉक्टरने समजावलं, सिस्टरने समजावलं, मी समजावलं, पाय जाईल काका, जीव जाईल. तो मान हलवतोय आणि चप्पल शोधतोय. बायको खाली बसलेली, पदर तोंडात.

हा पोरगा माझ्यामागे उभा होता. तो पुढं आला, कॉटच्या शेजारी उकिडवा बसला आणि विचारलं, 'मामा, उचल किती फिटायची राहिलीये?'

तो माणूस पहिल्यांदा कुणाच्या तरी डोळ्याकडे बघून बोलला. उचल म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, तिचे सत्तर हजार राहिले होते. कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक, नवरा पडला की कोयता मोडला, बायको एकटी काही करू शकत नाही, पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, काम केलं नाही तर ती उचल पुढच्या वर्षावर जाते, व्याजासारखी चढते, आणि टोळीत तोंड दाखवायला जागा राहत नाही. आम्ही सगळे त्याला पायाबद्दल सांगत होतो आणि तो सत्तर हजारांबद्दल विचार करत होता. पोराने मुकादमाचा नंबर घेतला, बाहेर जाऊन बोलला, भांडला नाही, हे मी मुद्दाम लिहितीये, कारण मी भांडले असते. पेशंटचा मेव्हणा त्याच फडात होता, पंधरा दिवस त्याने याच्या बायकोबरोबर उभं राहायचं असं ठरवून आला. मग रेशनकार्ड, ते गावाकडे आजीच्या पेटीत, शेजारच्या पोराला सांगून फोटो मागवला, आरोग्यमित्राकडे गेला, योजनेत बसवलं. संध्याकाळपर्यंत पेशंट ॲडमिट. अंगठा गेला पण पाऊल वाचलं.

केसवर्कच्या, म्हणजे एकेका माणसाबरोबरच्या कामाच्या पेपरात बिएस्टेक नावाच्या अभ्यासकाची सात तत्त्वं असतात, सगळे पाठ करतात, माणसाला आहे तसं स्वीकारा, निवाडा करू नका, त्याचा निर्णय त्याला घेऊ द्या वगैरे. या पोराला ती सातही लिहिता आली नसती त्या दिवशी, दोन तर नक्की चुकला असता. पण सतरा वर्षांत मला जो प्रश्न सुचला नाही तो त्याला एका मिनिटात सुचला, कारण त्याच्या घरात तो प्रश्न दर दिवाळीनंतर विचारला जायचा.

दुसऱ्या सेमिस्टरच्या मधेच तो येईनासा झाला. एक आठवडा, दोन आठवडे, फोन लागेना. सांगलीला कामाला गेले होते तेव्हा त्याच्या रूमवरच्या पोराने सांगितलं मार्केट यार्डात बघा. हळदीच्या पोत्यांखाली होता, अंगभर पिवळा. मला बघून ओशाळला. म्हणाला, 'मॅडम, गुरुवार-शुक्रवार सौदे जोरात असतात, पाचशे सुटतात.' गुरुवार-शुक्रवार म्हणजे आमचे फिल्डवर्कचे दिवस.

मग आम्ही तिथंच एका पोत्यावर बसून हिशेब केला. पहिल्या सेमिस्टरला, माझ्याकडे यायच्या आधी, त्याला कवठेमहांकाळकडचं एक गाव होतं, येऊन जाऊन दीडशे रुपये, आठवड्याचे तीनशे, पंधरा आठवड्यांचे साडेचार हजार. मुलींना २०२३ च्या मार्चपासून एसटी अर्ध्या तिकिटात आहे, चांगलंच आहे, पण पोरांना पूर्ण, आणि २०२५ च्या जानेवारीत भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं. विद्यार्थ्यांचा सवलतीचा पास असतो की, मला वाटलं होतं हा घेत का नाही. पण तो त्याला मिळाला होता राहायच्या ठिकाणाहून कॉलेजपर्यंतचा, फिल्डवर्कचं गाव त्या रूटवर नव्हतं. वह्या, झेरॉक्स, फाईल, वस्तीत कार्यक्रम घ्यायचा तर चार्टपेपर आणि पोरांना बिस्किटं, ते पण स्वतःच्या खिशातून. शिबिराचे वेगळे. स्कॉलरशिप त्याची वर्ष संपल्यावर आली. फी माफ होती त्याला, म्हणून तुमच्या हिशेबाने बिनखर्चिक. पण दोन दिवस फिल्डवर्कला जायचं म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडवायची आणि वर दर दिवसाचे दीडशे खर्चायचे, म्हणजे त्याला एका दिवसाचा खर्च साडेसहाशे रुपये पडत होता. हा आकडा मी आयुष्यात कधी असा मांडला नव्हता.

त्याचे तास भरले नाहीत. मला खोट्या सह्या करता आल्या असत्या, मला कोणी विचारलं नसतं. नाही केल्या. कॉलेजला दोष देत नाही, तास भरलेच पाहिजेत, उद्या हाच पोरगा कुणाच्या तरी घरात शिरून त्याचं आयुष्य कागदावर मांडणार, तिथं तासांची चोरी चालत नाही. तरी वाटतं. तो आता कुपवाड एमआयडीसीत पॅकिंगला आहे. आणि त्याच्या बॅचची ज्यांचे वडील बसभाडं देऊ शकत होते ती सगळी पास झाली, चांगली पोरं आहेत ती पण, माझं त्यांच्याशी भांडण नाही, पण उचल म्हणजे काय हे त्यातल्या एकाला मला दोनदा समजावून सांगावं लागलं.

म्हणजे गंमत बघा, गरिबी आतून माहिती असलेला पोरगा या कोर्सला सगळ्यात लायक आणि गरिबीमुळेच तो बाहेर पडतो. आणि आपण पुरवणीत छापतो बिनखर्चिक.

कोणी म्हणेल शिकताना पैसे कशाला द्यायचे, मग पैशासाठी करतील. एमबीबीएसच्या इंटर्नला स्टायपेंड मिळतो, मिळायलाच पाहिजे, रात्र-रात्र उभी असतात पोरं, त्यांना कोणी विचारत नाही की तू सेवा करतोस की पैशासाठी. शासनाने २०२४ ला युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली, बारावी पासला महिना ६ हजार, आयटीआय-डिप्लोमाला ८ हजार, पदवीधराला १० हजार, ऑफिसात बसून काम शिकायचे. उत्तम. पण ती शिक्षण चालू असणाऱ्याला नाही. म्हणजे माझ्या त्या पोराने एमएसडब्ल्यू सोडून एखाद्या सरकारी ऑफिसात अर्ज केला असता तर बीएच्या जोरावर १० हजार, आणि एमएसडब्ल्यू करत कॅज्युअल्टीत एका माणसाचा पाय वाचवला तर शून्य, वर बसभाडं खिशातलं.

माझं मागणं फार मोठं नाही. एसटीचा विद्यार्थी पास फिल्डवर्कच्या ठिकाणालाही चालावा, कॉलेजने लिहून दिलं की झालं, त्याला काही नवा कायदा लागत नाही असं मला वाटतं. आणि दुसरं, 'कमवा आणि शिका'. कर्मवीर अण्णांची ही भूमी आहे, १९१९ ला कऱ्हाडजवळ काल्यात रयत काढली, १९४७ ला साताऱ्यात कॉलेज काढलं तेव्हा पोरांनी काम करून शिकायचं हे तत्त्व ठेवूनच काढलं. आज कॉलेजांतून 'कमवा आणि शिका'मध्ये पोरं लायब्ररीत पुस्तकं लावतात, बाग झाडतात, ऑफिसात फायली लावतात आणि त्या तासांचे पैसे मिळतात. फिल्डवर्कचे तास यात का धरत नाहीत? बागेला पाणी घातलं तर काम आणि वॉर्डात पेशंटचं रेशनकार्ड शोधलं तर अभ्यास, असं का? दोन्ही आहे ते. अनुदानित समाजकार्य कॉलेजं आपल्याकडे सामाजिक न्याय विभागाच्या अनुदानावर चालतात, उच्च शिक्षण विभागाच्या नाही, म्हणून कदाचित दोन्हीकडच्या खुर्च्यांमधे हा विषय पडून राहत असेल. कोणीतरी उचलावा.

नोकऱ्यांचं विचाराल तर त्यावर वेगळं पत्र लागेल. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने २०२५ पर्यंत ५०० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात वेल्फेअर ऑफिसर ठेवावाच लागायचा, म्हणून बरीच मुलं एचआर स्पेशलायझेशन घेऊन चाकणला जातात, पगारही बरा. हॉस्पिटलात आम्ही कमी. माझा पहिला पगार साडेपाच हजार होता, २००८ ला. डॉक्टरकडे कौन्सिल, नर्सकडे कौन्सिल, वकिलाकडे कौन्सिल, आमच्याकडे इतकी वर्षं काहीच नव्हतं, २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्यात मेडिकल आणि सायकियाट्रिक सोशल वर्करचं नाव यादीत आलं तेव्हा मी घरी शिरा केला होता, नवऱ्याला कळेना कशाबद्दल.

तुमच्याकडे एवढंच, पुढच्या वर्षी पुरवणी काढाल तेव्हा 'बिनखर्चिक' लिहू नका. त्याऐवजी आठवड्यातून दोन दिवस बसने जायला लागतं आणि ते पैसे स्वतः भरायला लागतात, असं लिहा. येणारं पोरगं निदान हिशेब करून येईल.

नवीन बॅचची चार नावं आलीयेत माझ्याकडे. त्यातल्या एकाने परवा फोन केला, आटपाडीकडचा आहे, आधी मॅडम नमस्कार वगैरे झालं, मग थोडा वेळ गप्प, आणि मग विचारलं, मॅडम, स्टँडपासून हॉस्पिटल चालत किती लांब आहे. मी सांगितलं, वीस मिनिटं.

आपली,
एक मेडिकल सोशल वर्कर, मिरज
(नाव छापू नये ही विनंती)